कौलाला लावलेली वही

१९९९ च्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी सकाळी आमच्या वाचनमंडळाने एक वही देवीपुढे कौलाला लावली. देवीने कौल दिला नाही. मंडळाच्या रजिस्टरात त्या दिवशीच्या नोंदीवर मथळा आहे: 'लाल फडक्यातली वही. डावा.' देवळात पाच माणसे होती, मंडळाचे चार सभासद आणि कौल लावणारा गुरव. वहीसाठी प्रश्न विचारणारा मी होतो. वही कोणाची आहे हे त्या सकाळी दोघांनाच माहीत होते, मला आणि गुरवाला.

मी तेव्हा एका जिल्हा दैनिकाचा महाडचा बातमीदार होतो. त्याआधी काही वर्षे मुंबईत डेस्कवर काढली होती. मंडळ महाडच्या एका वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंनी १९९६ च्या गणपतीनंतर सुरू केले. बाई नाते गावाहून रोज एसटीने महाडला येत. वाचनालयात देवाधर्माच्या पुस्तकांचे एक कपाट होते. त्यातल्या पोथ्या, स्तोत्रे आणि संतचरित्रे सतत बाहेर असत. सगळ्यात खालच्या फळीवरची पुस्तके मात्र कोणी नेत नसे. त्यांत गावदेवी होत्या, शिवेवरचे दगड होते, झाडांना बांधलेले नवस होते, झऱ्यांतल्या आणि डोहांतल्या देवता होत्या. बरीचशी पुस्तके कुठल्या कुठल्या शिक्षकांनी पदरमोड करून छापलेली, पातळ, पिना गंजलेली. बाईंचे म्हणणे एवढेच होते की कार्डावर तारखा पडल्या नाहीत तर पुढच्या छाटणीत ही फळी रद्दीत जाईल. तारखा पडायला चार वाचक पुरे होते.

चौथा वाचक मी. बाकीचे दोघे म्हणजे पोलादपूरचे एक निवृत्त तलाठी आणि औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात शिफ्टला असलेला केमिस्ट. तलाठ्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत. केमिस्ट घाटावरचा होता. देव मानत नाही असे तो पहिल्याच बैठकीत सांगून मोकळा झाला, आणि नंतरच्या सात वर्षांत सर्वांत कमी गैरहजर तोच राहिला.

महिन्याला एक पुस्तक. प्रत एकच, म्हणून ती फिरत असे. पहिला आठवडा भाऊसाहेब, दुसरा केमिस्ट, तिसरा मी, उरलेले दिवस बाई. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी भेटायचे, वाचलेल्या पुस्तकावर बोलायचे आणि पुढचे निवडायचे. बैठकीची जागा भाऊसाहेबांनी काढली. महाड आणि पोलादपूर यांच्यामध्ये, हायवेवरच्या थांब्यापासून वीस मिनिटे चढावर एक गाव आहे. त्या सजाला त्यांनी नोकरीची अकरा वर्षे काढली होती. गावदेवीच्या देवळाचा सभामंडप रविवारी सकाळी रिकामा असे. गावाचे नाव इथे देत नाही. गावात गुरवांची घरे दोनच, त्यामुळे नाव दिले तर माणूस कळतो.

पहिल्या दोन महिन्यांत पुस्तक निवडण्यावरून वाद झाले. बाईंना पाण्याच्या देवतांवरचे पुस्तक आधी हवे होते, केमिस्टला वाघाच्या दगडांवरचे. भाऊसाहेब मतदान घ्या म्हणाले. मतदानात दोन-दोन झाले. तिसऱ्या बैठकीतही तेच चालले असताना गाभाऱ्यात निरांजन पुसत असलेला गुरव बाहेर न बघता म्हणाला, "बाई, सगल्या गावाची भांडणं आईपुढं येतात. तुमचीच तेवढी हितं सतरंजीवर का?"

"आता पुस्तकांसाठी देवीला त्रास द्यायचा का, बुवा?"

"बैलासाठी इचारतात. सोयरिकीसाठी इचारतात. पुस्तक काय वंगाळ हाय?"

त्या दिवशी पहिला कौल लागला. पद्धत अशी. देवी म्हणजे कमरेएवढा एक उभा काळा दगड, त्याला मुखवटा नाही. गुरव तगरीच्या दोन कळ्या पाण्यात भिजवून दगडाच्या दोन्ही खांद्यांवर चिकटवतो. प्रश्न विचारणारा मोठ्याने प्रश्न विचारतो. मग सगळे गप्प. देवीच्या उजव्या खांद्यावरची कळी आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. कधी मिनिटात पडते, कधी तासभर पडत नाही. वाघाच्या दगडांना होकार मिळाला. पाण्याच्या देवतांना नकार.

"हा टॉसच की," केमिस्ट म्हणाला.

"टॉस हरलेला माणूस 'बेस्ट ऑफ थ्री' म्हणतो," बाई म्हणाल्या. "इथे म्हणता येत नाही."

येत नव्हतेच. गुरवाने कौलाचे नियम त्याच दिवशी सांगितले आणि बाईंनी ते रजिस्टरच्या पहिल्या पानावर लिहून घेतले. एका वेळी एकच प्रश्न. ज्याला नकार मिळाला तो प्रश्न वर्षभर पुन्हा विचारायचा नाही. आणि जो कळ्या लावतो त्याने स्वतःसाठी काही विचारायचे नाही. विचारणारा वेगळा, लावणारा वेगळा. गुरवाला स्वतःच्या घरचे काही विचारायचे झाले तर दुसऱ्याच कुणाला तरी ते विचारावे लागे.

तेव्हापासून दर महिन्याला प्रत्येकी एक या हिशेबाने तीन-चार पुस्तके पाटावर ठेवली जात आणि एकेक कौलाला लागे. पहिल्या होकाराला थांबायचे. पाण्याच्या देवतांचे पुस्तक बाईंनी वर्षभर थांबून पुन्हा ठेवले, तेव्हा होकार आला. ते वाचून झाल्यावर आम्ही पाचहीजण महाडजवळच्या सवला गेलो, गरम पाण्याच्या कुंडांवर. केमिस्टने कारखान्यातून थर्मामीटर आणला होता. तो पाण्यात बुडवायला गेला तेव्हा कुंडाच्या पायरीवर पाय सोडून बसलेल्या म्हाताऱ्या बाईने विचारले, "ताप हाय काय रे तिला?" नंतर कितीतरी महिने कारखान्याच्या गोष्टी निघाल्या की गुरव केमिस्टला तेच विचारत असे.

गुरव पन्नाशीचा होता. चौथीपर्यंत शिकलेला. बालबोध, म्हणजे देवनागरी, वाचत असे, पण सावकाश, ओळीखाली बोट धरून. म्हणून प्रत्येक बैठकीत पुस्तकातले एक प्रकरण बाई मोठ्याने वाचत. तो खांबाला टेकून ऐके आणि चुका काढी. शिवेवर नारळ कोण फोडतो, आधी कुठल्या अंगाला जायचे, हे छापलेल्या पुस्तकापेक्षा त्याला जास्त माहीत होते. एकदा बाईंनी त्याला मंडळाचा पाचवा सभासद व्हा म्हणून विचारले. तो म्हणाला, "मंग पुस्तकाचा कौल कोण लावील?"

१९९९ च्या जानेवारीत दोन गोष्टी झाल्या. पहिली, देवळाच्या खांबावर एक कागद चिकटला. गावातल्या मुंबईकरांच्या मंडळाने त्यावर लिहिले होते की येत्या चैत्र पौर्णिमेला पालखीच्या वेळी आईपुढे गावाच्या वतीने घालायचे गाऱ्हाणे टेप करून त्याच्या कॅसेटी काढण्यात येतील आणि मुंबईतल्या प्रत्येक घरी एक दिली जाईल. दुसरी गोष्ट, त्या महिन्यात पाटावर तीन पुस्तकांच्या शेजारी एक चौथी वस्तू निघाली. लाल फडक्यात बांधलेली, सुतळीने आवळलेली एक वही.

"ही कोणी ठेवली?" बाईंनी विचारले.

आम्ही तिघांनी माना हलवल्या.

"बुवा, तुम्ही पाहिलंत का?"

"असंल कुणी ठेवली," गुरव म्हणाला. तो दगडाकडे तोंड करून उभा होता.

विचारणारा नसेल तर कौल लागत नाही. वही तशीच पाटावर राहिली. बैठक संपल्यावर गुरवाने ती उचलली आणि गाभाऱ्यातल्या कोनाड्यात ठेवली. कोनाड्याकडे बघावेही न लागता त्याचा हात तिथे गेला, हे मी पाहिले. उतरताना तो माझ्याबरोबर थांब्यापर्यंत आला. एरवी येत नसे.

अर्ध्या उतारावर तो थांबला. "तुम्ही पेपरवाले. तुमच्या पोटात ऱ्हात नाय."

"छापायचं नसलेलं राहतं."

"शपथ घ्याल?"

"शपथ नाही घेत. छापत नाही म्हणालो की छापत नाही."

मग त्याने सांगितले ते असे. पालखीच्या दिवशी गाऱ्हाणे घालताना गावाच्या चारही शिवांच्या राखणदारांना नावाने हाक मारावी लागते. नदीकडची शीव, रस्त्याकडची, खालच्या वाडीकडची आणि शेवटी डोंगराकडची. प्रत्येक शिवेची नावे झाली की जमलेला गाव 'होय गो आये' म्हणतो. त्याचा बाप गेला तेव्हा त्याला पहिल्या तीन शिवा येत होत्या. चौथी नाही. बाप डोंगराकडची नावे नेहमी हळू म्हणत असे, ती कधी नीट कानावर पडलीच नव्हती. त्या वर्षी पालखी तोंडावर होती. त्याने चौथ्या शिवेला ओठ हलवले, घशातून आवाज काढला, आणि गाव 'होय गो आये' म्हणाला. त्याला अठरा वर्षे झाली.

"वरसाला एकदा पुटपुटतो," तो म्हणाला. "ढोल असतो, लोकांचा गलबला असतो. कुणाला काय कललं नाय आजवर. आता ते मुंबैवाले तोंडापुढं माइक धरणार. घराघरात लावतील. मागं घेऊन लावतील. माझा चुलतभाव बसलाच हाय टपून. त्याला एवढाच हवा हाय. म्हणंल, याला गाऱ्हाना येत नाय, सेवा आमच्या घरात द्या. आन् मानकरी देतील. का नाय देणार?"

वही त्याच्या बापाची होती. मोडीत लिहिलेली. मोडी त्याला येत नव्हती. गावात येणारे कोणी उरले नव्हते, आणि असते तरी त्यांना दाखवणे म्हणजे गावाला सांगणेच होते. शिवाय वही बापाने देवीपुढे बांधून ठेवलेली. कौलाशिवाय ती उघडायची नाही, आणि कौल मागायचा तर गावातला कोणीतरी मानकरी हवा. आमच्या मंडळात मात्र भाऊसाहेब होते. मोडी वाचण्यातच त्यांची नोकरी सुरू झाली होती.

"तुम्ही इचारा. पुस्तकच हाय ते पण. एवढी पुस्तकं इचारता."

मी हो म्हणालो.

फेब्रुवारीत पाटावर वही पुन्हा आली. या वेळी मी ती माझी वस्तू म्हणून ठेवली.

"कोणाची आहे?" बाईंनी विचारले.

"माहीत आहे. सांगता येत नाही."

"बातमीदाराचं खास सूत्र," केमिस्ट म्हणाला. "आता देवीलाही 'विश्वसनीय गोटातून कळते' म्हणून सांगा."

भाऊसाहेब सुतळीची गाठ बघत होते. गुरवाने कळ्या भिजवल्या, लावल्या आणि बाजूला झाला. मी प्रश्न विचारला. सभामंडपाच्या पत्र्यावर माकडे होती, ती गेली. सव्वा अकराच्या सुमाराला डाव्या खांद्यावरची कळी पडली.

एक कळी जास्त ओली, दुसरी कमी ओली अशा लावल्या तर कुठली आधी पडेल ते लावणाऱ्याला ठरवता येते. हे मला केमिस्टने पहिल्या वर्षीच समजावून सांगितले होते, आणि गुरवाला ते त्याच्याही आधीपासून माहीत असणार. त्या दिवशी त्याने दोन्ही कळ्या एकाच तांब्यात, एकाच वेळी, पूर्ण बुडवल्या. मी तीन फुटांवर उभा होतो.

तो पडलेल्या कळीकडे काही वेळ बघत राहिला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "नाय दिला." बाईंनी 'डावा' लिहिले. पुढचे पुस्तक कौलाला लागले, झाडांवरच्या नवसांचे, त्याला होकार मिळाला. गुरवाने वही कोनाड्यात ठेवली. नियमाप्रमाणे तो प्रश्न आता २००० च्या फेब्रुवारीपर्यंत विचारता येणार नव्हता. चैत्र पौर्णिमा दीड महिन्यावर होती.

मधल्या चार आठवड्यांत मी त्याला एकदाच भेटलो, पोलादपूरच्या बाजारात. तो कापूर आणि वाती घ्यायला आला होता. चुलतभाऊ बरोबर होता, बोलका, हसरा माणूस. त्याने मला चहा पाजला. "आमच्या गाऱ्हान्याची कॅसेट निघतेय," तो म्हणाला. "पेपरात टाका. भाव माझा अठरा वर्सं घालतोय. शब्द न शब्द टेप होनार हाय." गुरवाने चहा बशीत ओतला आणि तिकडेच बघत प्याला.

मार्चच्या बैठकीला बाईंनी रिवाजाप्रमाणे मागच्या महिन्याची नोंद वाचून दाखवली. त्या नोंदी पूर्ण लिहीत, प्रश्नाचे शब्दही.

"'प्रश्न: ही वही उघडून पुढच्या महिन्याला वाचायला घेऊ का? कौल: डावा.'"

"थांबा बाई," भाऊसाहेब म्हणाले. "परत वाचा."

बाईंनी परत वाचले.

"हे दोन आहेत."

"काय दोन?"

"उघडू का, हा एक. वाचायला घेऊ का, हा दुसरा. फेरफाराच्या नोंदीत असं कोणी आणलं असतं तर मी कागद परत केला असता. एका नोंदीत एकच फेर."

चूक माझी होती. छापील पुस्तकाला उघडायचे विचारावे लागत नाही, त्यामुळे मंडळाचा प्रश्न नेहमी एकाच भागाचा असे. वही बांधलेली होती म्हणून मी 'उघडून' हा शब्द आपणहून घातला. दोन बाबी एका वाक्यात बसवून जागा वाचवायची सवय डेस्कची. बातमीत ती चालते.

"मग कौल रद्द?" केमिस्टने विचारले. "पंचांचा निर्णय काय?"

सगळे गुरवाकडे वळले. कौलाबाबत शेवटचा शब्द त्याचा असे. रद्द म्हणाला असता तर त्याचा प्रश्न पुन्हा लागणार होता, आणि ते त्याला आम्हा सगळ्यांपेक्षा जास्त हवे होते. त्याने हातातला तांब्या खाली ठेवला.

"ह्याचा मी नाय सांगनार," तो म्हणाला. "तुम्ही ठरवा."

"अहो बुवा, तुमच्याशिवाय कोण सांगणार?"

"भाऊसायेब हायत. बाई हायत. मी नाय."

बाईंनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग लाल फडक्याकडे. त्यांनी रजिस्टरचे पहिले पान उघडले आणि बोट ठेवून वाचले: "एका वेळी एकच प्रश्न." मग पान मिटले. "मंडळाचा नियम मंडळाने मोडला होता. तो कौल धरायचा नाही. आज दोन वेगळे लावू." केमिस्टने हात वर केला. भाऊसाहेबांनी आणि मी केला. हे लिहून झाले.

मी पहिला प्रश्न विचारला. ही वही उघडू का. कळी लगेच पडली, उजवी.

दुसरा विचारला. ही वही मंडळाने पुढच्या महिन्याला वाचायला घ्यावी का. या कळीने वेळ घेतला. केमिस्ट दोनदा उठून बाहेर जाऊन आला. डावी.

"म्हणजे उघडायची, पण वाचायची नाही," केमिस्ट म्हणाला. "सरकारी फाइल."

बाई म्हणाल्या की नकार मंडळाच्या वाचनाला आहे. मंडळाचे वाचन म्हणजे चौघांनी महिनाभर वाचायचे आणि बैठकीत मोठ्याने वाचायचे. एका माणसाने मनातल्या मनात वाचायला देवीने मनाई केलेली नाही. हे म्हणून त्यांनी पर्स उचलली आणि केमिस्टला म्हणाल्या, "चला, तुम्ही मला देवराईतला तो शिरीष दाखवणार होतात."

"मी? कधी?"

"आत्ता."

ते दोघे गेले. भाऊसाहेबांनी चष्मा पुसला. गुरवाने सुतळी सोडली, फडके उलगडले आणि वही त्यांच्या मांडीवर ठेवली. पाने पिवळी होती, कडा कुरतडलेल्या, शाई बरीच शाबूत. भाऊसाहेब वाचू लागले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. गुरव समोर उकिडवा बसून त्यांच्या ओठांकडे बघत होता. मी खांबापाशी उभा होतो. पाऊण तास गेला. दोनदा भाऊसाहेबांनी मागचे पान काढून पुन्हा पाहिले. शेवटी त्यांनी माझ्याकडून माझ्या टिपणवहीतला कोरा कागद आणि पेन मागितले, एका पानावरचा मजकूर बालबोधमध्ये उतरवला, घडी घातली आणि गुरवाच्या हातात दिली.

"हे तुझं," ते म्हणाले. एरवी ते त्याला अहो म्हणत.

गुरवाने कागद तिथे उघडला नाही. बंडीच्या खिशात ठेवला. त्या महिन्यासाठी शेतातल्या म्हसोबावरचे एक पुस्तक निवडले गेले.

आठवड्याने तो महाडला माझ्या खोलीवर आला. कागद काढून माझ्यापुढे ठेवला. "वाचला मी. चार येला वाचला. तुम्ही पण वाचा, माझी चूक होत असंल."

कागदावर गाऱ्हाण्याच्या पहिल्या तीन शिवांची नावे क्रमाने होती. त्याला येत होती तीच, एक नाव सोडून, तेही उच्चाराच्या फरकाचे. चौथ्या शिवेच्या जागी त्याच्या बापाने लिहिले होते: 'डोंगराकडची नावे वडिलांकडून मिळाली नाहीत. त्यांनाही होती की नव्हती कळत नाही. येथे तोंडातल्या तोंडात म्हणावे, कोणास कळू देऊ नये.'

"बरोबर वाचलंत," मी म्हणालो.

"माला वाटत होता मी एकलाच," तो म्हणाला. मी चहा टाकला. चहा पिऊन झाल्यावर त्याने कागद घडी करून परत खिशात घातला. पालखीला काय करणार, असे मी विचारले. तो म्हणाला, "बगू." जाताना दारात थांबून म्हणाला, "नावं केली असती मनानं. चार नावं, कुणाला कलनार होता? पन मंग ती नावं कुनाची?"

चैत्र पौर्णिमेला मी देवळात सकाळी नऊला पोहोचलो. मुंबईकरांनी दोन स्टँडवर दोन माइक लावले होते, एक ढोलासाठी, एक गुरवासाठी. टेपरेकॉर्डर सभामंडपाच्या कट्ट्यावर होता आणि त्याच्या शेजारी चुलतभाऊ बसला होता. पालखी उठण्याआधी गाऱ्हाणे. ढोलवाल्यांना मुंबईकरांच्या मंडळाच्या सेक्रेटरीने थांबायला सांगितले, टेपात शब्द स्वच्छ यावेत म्हणून. अठरा वर्षांत प्रथमच गाऱ्हाण्याच्या वेळी ढोल वाजत नव्हते.

गुरवाने हात जोडले. नदीकडची नावे झाली. गाव 'होय गो आये' म्हणाला. रस्त्याकडची झाली. खालच्या वाडीकडची झाली. प्रत्येक वेळी 'होय गो आये'.

मग तो थांबला. त्याने पुटपुटले नाही. नावे म्हणत होता त्याच आवाजात, त्याच चालीत त्याने म्हटले:

"डोंगराकडच्या राखणदारांची नावं माझ्या बापाला ठाव नव्हती. त्याच्या बापाकडनं आली नाय. माला पन ठाव नाय. तुला ठाव हायत. तूच त्यांना हाक मार."

"होय गो आये," गाव म्हणाला.

पालखी उठली. ढोल सुरू झाले. चुलतभावाने टेप बंद केला, मागे घेतला, तो भाग कानाला लावून ऐकला, मागे घेतला, पुन्हा ऐकला. त्याच्या शेजारी गावचा थोरला मानकरी उभा होता, सत्तरीचा. चुलतभाऊ त्याला म्हणाला, "नाना, ऐकलंत का काय बोल्ला तो?"

"ऐकला की."

"मंग?"

"मंग काय? मी 'होय' बोल्लो. तू नाय बोल्लास?"

चुलतभाऊ बोलला होता. कॅसेटवर त्याचा आवाज सर्वांत जवळचा आहे.

कॅसेट मे महिन्यात निघाली. तिची एक प्रत माझ्याकडे आहे. ते वाक्य त्यात आहे, काढलेले नाही. सेवा गुरवाच्याच घरात राहिली. वही पुन्हा फडक्यात बांधून कोनाड्यात गेली आणि मंडळाने ती परत कौलाला लावली नाही. बाईंच्या सांगण्यावरून गुरवाने भाऊसाहेबांनी लिहिलेला कागद वहीत ठेवला. त्याच्याखाली एक ओळ त्याने स्वतः बालबोधमध्ये वाढवली आहे असे बाई म्हणाल्या. ती ओळ मी पाहिलेली नाही.

२००० च्या चैत्रात टेप नव्हता. ढोल चालू होते. मी गुरवाच्या उजव्या हाताला उभा होतो. तीन शिवांची नावे झाल्यावर त्याने तेच वाक्य त्याच जागी म्हटले, आणि त्यानंतर गाव 'होय गो आये' म्हणाला.